गर्भनिदान : निर्णय आईबापांचा, जबाबदारी कोणाची?

फेब्रुवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रातील एका सदतीस वर्षांच्या महिलेची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. गर्भाला डाऊन सिंड्रोम असल्याचे निदान झाले होते. पण गर्भ सव्वीस आठवड्यांचा होता आणि १९७१ च्या कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही कोंडी बरीच सैल केली. गर्भात गंभीर दोष असल्याचा निर्वाळा वैद्यकीय मंडळाने दिल्यास आता चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. हे चांगलेच झाले. परंतु त्यामुळे प्रश्न सुटला, हा आपल्या कार्यकर्त्यांतही आढळणारा समज तपासून पाहिला पाहिजे.

अकराव्या ते तेराव्या आठवड्यातील रक्ततपासणी व सोनोग्राफीने केवळ धोक्याचा अंदाज येतो. पक्के निदान सामान्यतः गर्भजलाच्या तपासणीने होते. ती पंधराव्या आठवड्यानंतरची, आणि अहवालाला आणखी दोन-तीन आठवडे. पगारदार कुटुंबाला हे वेळापत्रक साधते. गगनबावड्यातील शेतमजूर किंवा बीडहून आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला आलेली बाई, जिची पहिली सोनोग्राफीच पाचव्या महिन्यात होते, तिच्यापाशी विचार करायला दिवस तरी किती उरतात?

यंत्रांचा अभाव ही सबब कोल्हापूरकरांना सांगता येणार नाही. गर्भजल तपासणी आली गुणसूत्रांतील दोष शोधण्यासाठी. आपण ती राबविली मुलगी शोधण्यासाठी. म्हणून तर महाराष्ट्राला १९८८ साली देशातील पहिला प्रतिबंधक कायदा करावा लागला. तरीही २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ८३९ च भरल्या. जेथे नफा होता तेथे तंत्र पोहोचले. निदानानंतर त्या जोडप्याला तासभर समोर बसवून दोन्ही बाजू सांगणारा माणूस मात्र पोहोचला नाही. त्यात कोणाला काय सुटणार?

आणि बाजू खरोखरच दोन आहेत. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो; बौद्धिक वाढ किती मंदावेल हे गर्भावस्थेत सांगता येत नाही. त्याचबरोबर, उपचार मिळाल्यास यांतील पुष्कळजण साठीपर्यंत जगतात, शिकतात, कामही करतात. म्हणजे मूल आईबापांच्या मागे उरण्याचा संभव मोठा. ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारणे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला जमत नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे. आईची मजुरी बुडते, आणि ती बहुधा आईचीच बुडते. संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान २०२३ साली १५०० रुपयांवर नेण्यात आले. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्याची मर्यादा वर्षाला एक लाख. एवढ्यावर एक आयुष्य उभे राहील असे कोणी म्हणणार आहे काय?

अपंगांच्या चळवळीतील काही मित्र अशा गर्भपाताला भेदभाव म्हणतात. त्यांची वेदना मला कळते, परंतु शेवटचा शब्द त्या बाईचाच असला पाहिजे याविषयी माझ्या मनात संदेह नाही. मात्र मूल पोसणे परवडणार नाही म्हणून गर्भपात करणारी आणि तपासणी परवडली नाही म्हणून बाळंत होणारी, या दोघींनाही निवड अशी मिळालेलीच नसते.

राजर्षी शाहूंनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. आज त्याच करवीरात अशा मुलाचे पालक शाळेच्या दारी जातात, तेव्हा दंड कोणाला व्हावा? छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पहिल्या तीन महिन्यांतील तपासणी व समुपदेशन मोफत मिळावे, घरी राहून संगोपन करणाऱ्या आईला वेतन मिळावे, आणि आईबापांमागे उरणाऱ्यांसाठी तालुक्यागणिक निवास असावा. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीपूर्वी तालुका शाखांनी या तीन मागण्यांचे निवेदन द्यावे, आणि या बाबींवर गेल्या वर्षी किती रुपये खर्ची पडले याचा आकडा लेखी मागावा.