गाडीलाही ऊन लागतं!

एप्रिल लागला की चंद्रपूर-गडचिरोलीत आपण सगळे तयारीला लागतो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, कूलरला नव्या ताट्या. पारा पंचेचाळिशी ओलांडणार, हे आपल्याला पाठच आहे. पण त्याच उन्हात बाबांची कार घेऊन मित्रांसोबत हेमलकशाला निघताना बॉनेट कोण उघडतं, सांगा बरं?

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे ज्याला कूलंट तपासता येत नाही, त्याला गाडी येते असं म्हणूच नये.

इंजिन साधारण ९० अंशांवर नीट चालतं. जास्तीची उष्णता कूलंट रेडिएटरपर्यंत आणतं आणि रेडिएटर ती हवेत सोडतो. आता हवाच ४५ अंशांची, वर एसी फुल आणि आत पाच जण. मग उष्णता सुटणार कशी? थंड गावात खपून जाणारा आळस इथे महागात पडतो.

‘पाणी टाकलं की झालं’ हा आपला लाडका समज. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. कूलंटमधलं ग्लायकॉल आणि झाकणाने धरलेला दाब यांमुळे ती मर्यादा बरीच वर जाते. शिवाय बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर जमणारा पांढरा थर पाहिलाय ना? तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

करायचं काय? सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतलं कूलंट दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. पाइप फुगलेत का, खाली ओल आहे का, जाळीत धूळ-पाचोळा अडकलाय का, तेही बघा. पाच मिनिटांचं काम! वाटेत काटा चढला तर एसी बंद करा, सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा. गरम झाकण उघडू नका, उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. जुनं कूलंट जंगलात ओतू नका. ते गोडसर पण विषारी असतं, जनावरं चाटतात.

आलापल्लीच्या पुढे जंगलात गाडी बंद पडली, तर मेकॅनिक लगेच मिळत नाही, रेंजचाही भरवसा नाही. पाणी शोधत वाघाच्या जंगलात उतरणार का?

आणि हे फक्त सहलीपुरतं नाही. रात्री-बेरात्री शेजारच्या कुणाला दवाखान्यात न्यायचं तर गावातली हीच गाडी निघते. तेव्हा ती वाटेत तापून चालणार नाही. उद्या सकाळी बॉनेट उघडाच!