सॉफ्टनर घरात, मीठ गल्लीत

आमच्या घरी दोन महिने एकच विषय चालला होता. गिझरची कॉइल पांढऱ्या थराने जळाली, नळांच्या तोट्या भरून गेल्या, आणि अम्मीची तर कायमचीच तक्रार: बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. एका विक्रेत्याने घर पाहून वॉटर सॉफ्टनरचा चाळीस हजारांच्या पुढचा आकडा सांगितला. मी सॉफ्टवेअरवाला, पण इंजिनिअर म्हटलं की घरच्यांच्या लेखी सगळी यंत्रं कळतात, त्यामुळे निर्णय माझ्यावर आला. मी नको म्हणालो. प्रश्न आमच्या एका घराचा असता तर लेख लिहिला नसता.

अम्मीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. लोह्याच्या आसपास खाली बेसॉल्टचा खडक, वर काळी माती आणि तिच्यात चुनखडीचे खडे. पाऊस त्यातून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन खाली जातो. हे कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतं आणि दाणा टणक राहतो. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००, २०१२) पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमच्या बोअरचा आकडा ६०० च्या थोडा खाली आला. म्हणजे त्रास खरा आहे, पाणी विषारी नाही.

आता सॉफ्टनर करतो काय? त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, आणि ते खारट पाणी गटारात. मशीन क्षार नाहीसे करत नाही, त्यांची अदलाबदल करतं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात गटाराचं चित्र नव्हतं.

हिशेब सोपा आहे. कठीणता ६०० आणि घरात रोज ५०० लिटर बोअरचं पाणी, म्हणजे दिवसाला ३०० ग्रॅम क्षार काढायचे. त्यासाठी प्रत्यक्षात साधारण दुप्पट मीठ लागतं. महिन्याला सुमारे १८ किलो. गल्लीतल्या पंचवीस घरांनी मशीन बसवलं तर वर्षाला पाच टनांहून जास्त मीठ उघड्या गटारातून नाल्यात आणि तिथून जमिनीत. मीठ कुजत नाही, माती त्याला गाळून अडवत नाही. ते पुन्हा भूजलात उतरतं, आणि जो बोअर किंवा हातपंप उताराला आहे त्याच्या वाट्याला येतं. उताराला कोण राहतं हे कुठल्याही मोहल्ल्यात विचारावं लागत नाही. त्यांच्याकडे सॉफ्टनर नसतो, आरओ नसतो, कधीकधी जारलाही पैसे नसतात.

ही नुसती भीती नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात घरोघरच्या अशाच सॉफ्टनरचं मीठ सांडपाण्यातून नदीत जात होतं आणि खालच्या भागातल्या स्ट्रॉबेरी-अव्होकाडोच्या शेतीला धोका होता. २००८ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून असे सॉफ्टनर काढून टाकायचा नियम मंजूर केला. त्यांच्याकडे निदान सांडपाण्याचे प्रकल्प होते.

शिवाय सोडियमचं काय? कठीणतेच्या प्रत्येक मिलिग्राममागे सुमारे ०.४६ मिलिग्राम सोडियम पाण्यात येतं. आमच्या हिशेबात लिटरला साधारण २७५. तीन लिटर पाणी पोटात गेलं की दोन ग्रॅम मिठाइतकं सोडियम गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि अम्मीला बीपी आहे. विक्रेता म्हणाला, पिण्यासाठी वेगळी लाइन ठेवा. गच्चीवर टाकी एक, घरभर पाइप एकच. वेगळी लाइन कुठून काढायची?

मुतखडा हा विक्रीतला हुकमी पत्ता आहे. कठीण पाण्याने मुतखडा होतो असा भक्कम पुरावा नाही; आपल्या उन्हात पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे. त्वचेचंही तसंच. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर चाचणी झाली. ज्यांच्या घरी सॉफ्टनर बसवला त्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाइपला बाहेरून चुंबक लावून पाणी मऊ करणाऱ्यांबद्दल तर लिहायलाच नको. चुंबकाने कॅल्शियम पाण्यातून निघत नाही, आधी आणि नंतर कठीणता मोजली तर आकडा तोच येतो.

डायलिसिसच्या ठिकाणी सॉफ्टनर लागतोच, त्याला माझा विरोध नाही. पण मशिदीच्या वुजूखान्यासाठी चंद्यातून सॉफ्टनर घ्यावा का, असं कमिटीने विचारलं तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं. वुजूला मऊ पाणी लागत नाही. वुजूचं वाहून जाणारं पाणी जवळपास स्वच्छ असतं, ते झाडांना देता येतं. त्यात मिठाचं पाणी मिसळलं की तेही गेलं. त्याच पैशात छताचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडता येईल.

पावसाच्या पाण्यात कठीणता जवळपास नसतेच. शंभर चौरस मीटर छतावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर होतात. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, पुढचं टाकीत घ्यायचं. आम्ही दोन हजार लिटरची टाकी घेतली आहे. डाळ आणि धुणं तिच्यावर, टाकी आटली की डाळीपुरतं नळाचं पाणी. गिझरचं तापमान कमी ठेवलं, आणि वर्षातून एकदा लिंबूसत्वाच्या पाण्याने तो साफ करायचं ठरवलं. टाकी सॉफ्टनरपेक्षा स्वस्त पडली. बचत झाली म्हणून भाऊ खूश, अम्मी अजून पूर्ण खूश नाही.

नळाला धरणाचं पाणी नियमित आलं तर बोअरची गरजच कमी होईल. लिंबोटी धरण आपल्याच तालुक्यात आहे. प्रत्येक घराने आपापलं मशीन घेतलं की ती मागणी करायला कोणी उरत नाही, जारच्या बाबतीत हे आपण पाहिलंच आहे.

त्याआधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते. कठीणतेबरोबर फ्लोराइड आणि नायट्रेटही तपासायला सांगा, कारण ते सॉफ्टनरने निघत नाहीत आणि नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराइड हाच खरा आजार आहे. गल्लीतल्या आणखी चार घरांनी बाटल्या भरून द्यायचं कबूल केलं आहे. एक नमुना पावसाआधी, दुसरा दिवाळीनंतर. उताराच्या हातपंपाचा पाचवा नमुना मी स्वतः नेणार आहे.