एक गाडी, दोन हक्कदार

घरात दुसरी चारचाकी येते ती पुष्कळदा गरजेपोटी नव्हे, मुहूर्तापोटी. पाडवा असतो, धनत्रयोदशी असते, मुलाचे लग्न ठरलेले असते, धंद्यात चार पैसे सुटलेले असतात. शेजारच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत, हे कारण कोणी उघड बोलत नाही. पण तेही असते. ‘आम्हा दोघांच्या वेळा जुळत नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर दहा लाखांचा व्यवहार उरकला जातो. तेवढ्याच रकमेचा माल दुकानात भरायचा असता, तर याच गृहस्थाने चार पेढ्यांवर भाव विचारले असते आणि उठाव किती होईल याचा अंदाज घेतला असता.

पडून राहिलेल्या मालाचे दुखणे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. दिवसाला दीड तास चालणारी गाडी साडेबावीस तास उभी असते. दुसरी गाडी तर कित्येक दिवस आच्छादनाखालून बाहेरही निघत नाही. विम्यासाठी गाडीचे मूल्य धरण्याचा जो प्रचलित तक्ता आहे, त्यात पाचव्या वर्षात ते निम्म्यावर येते. म्हणजे दहा लाखांच्या गाडीतून पाच वर्षांत पाच लाख गेले. महिन्याला सुमारे ८,३०० रुपये, गाडी जागची हलो वा न हलो. वर्षाकाठी ती ४,००० किलोमीटर धावली, तर दर किलोमीटरला २५ रुपये नुसत्या झिजेचे झाले. पेट्रोल, विम्याचा हप्ता, सर्व्हिसिंग आणि वाहनतळाचे भाडे त्यात धरलेले नाही. या भावात माणूस निश्चिंतपणे रिक्षाने हिंडू शकतो.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे, की गाडी पेढीच्या नावावर घ्यावी, घसारा मिळतो. मिळतो खरा; पण किती? आयकरात मोटारीचा घसारा सामान्यतः १५ टक्के. दहा लाखांवर दीड लाख, आणि ३० टक्के दराने वाचलेला कर पंचेचाळीस हजार. त्यातही ज्या वर्षी गाडी घेतली, त्या वर्षी ती १८० दिवसांहून कमी वापरात असेल, तर घसारा निम्माच. धनत्रयोदशीला घेतलेल्या गाडीचे नेहमी असेच होते. गाडी घरच्या कामासाठी फिरते, तेवढा खर्च धंद्याच्या खाती धरता येत नाही, आणि अशा मोटारीवर भरलेला जीएसटी सर्वसाधारण व्यापाऱ्याला परत वळता करून मिळत नाही. कर वाचवण्यासाठी गाडी घेणे म्हणजे वटाव मिळतो म्हणून नको असलेला माल भरणे होय.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया चौदा नियम धारत. खाण्याचे पदार्थ, वस्त्रे, पादत्राणे यांच्याबरोबर त्या यादीत वाहनही आहे. आज किती वाहनांचा वापर करायचा, हे सकाळीच ठरवायचे. त्या काळी ते वाहन टांगा किंवा एसटी असेल. वापरावर मर्यादा घालणारी ही दृष्टी आपल्याला परकी नाही. ती गॅरेजपर्यंत पोहोचली नाही, इतकेच.

मात्र ‘एक गाडी पुरे’ म्हणणाऱ्या पुरुषांना एक गोष्ट विचारली पाहिजे. ती एक गाडी नेमकी कोणाची? बहुतेक घरांत ती सकाळी साडेनऊला दुकानासमोर जाऊन उभी राहते आणि रात्री नऊला परतते. दिवसभर तिचा उपयोग शून्य. पण ती ‘साहेबांची’ असते. मुलांचा क्लास, सासूबाईंचे डोळ्यांचे डॉक्टर, माहेरचा कार्यक्रम हे सारे गृहिणीने सवडीने, कोणाच्या तरी सोबतीने उरकायचे. अशा घरातली बचत पुरुषाच्या चोपड्यात जमा होते आणि तिचा खर्च पत्नीच्या वेळेतून नावे पडतो. याला काटकसर म्हणणे मला मान्य नाही. त्यापेक्षा दुसरी गाडी घेतलेली बरी.

बिबवेवाडीतील एका परिचित दांपत्याने हा प्रश्न वार वाटून सोडवला. पतीचा रविवार पेठेत घाऊक व्यापार. पत्नीचा घरी खाकरे आणि मुखवासाचा उद्योग. मंगळवार आणि शुक्रवार माल पोहोचवण्याचे, म्हणून गाडी तिची. स्वारगेटपर्यंतची मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाल्यापासून ते त्या दिवशी रिक्षाने स्वारगेट गाठतात आणि पुढच्याच मंडई स्थानकावर उतरतात. पेठेत गाडी लावायला जागा शोधण्याचा त्रास वाचला, म्हणून आता इतर दिवशीही पुष्कळदा तसेच जातात. उरलेल्या दिवसांचे रात्री जेवणानंतर ठरते. किल्ली दाराजवळच्या खुंटीला असते, कोणाच्या खिशात नाही. ‘कशासाठी हवी?’ असे विचारायचे नाही, फक्त ‘किती वाजेपर्यंत?’ एवढेच. एका शुक्रवारी त्यांना अचानक चाकणला एका पार्टीकडे जावे लागले. त्यांनी भाड्याची गाडी केली आणि तो खर्च दुकानाच्या प्रवासखाती टाकला. पत्नीचा वार मोडला नाही. मला या व्यवस्थेत सर्वांत मोलाचे वाटले ते हेच.

सर्वांना हे जमेल असे नाही. एकाची पेढी इचलकरंजीत आणि दुसऱ्याची नोकरी कोल्हापुरात असेल, घरात वरचेवर रुग्णालयात न्यावे लागणारे वडील असतील, तर दोन गाड्या ही चैन नव्हे. पर्युषणात सगळ्यांनाच एका वेळी व्याख्यानाला पोहोचायचे असते, ही मात्र अडचण नाही. एका गाडीत पाच जण बसतात.

दोघांनी एक गाडी वापरायची ठरवल्यास विम्याचा कागद नीट वाचावा. वैध परवाना असलेली पत्नी पतीच्या नावावरची गाडी चालवू शकते आणि विमा त्यामुळे बाधित होत नाही. परंतु सक्तीचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण केवळ नोंदणीकृत मालकालाच लागू होते, पत्नीला नाही. आणि गाडी कंपनीच्या किंवा भागीदारी पेढीच्या नावावर असेल, तर हे संरक्षण पतीलाही मिळत नाही, कारण मालक ही व्यक्ती नसते. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख येईल तेव्हा दोघांसाठीही स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. परवाना काढून पंधरा वर्षे तो कपाटात ठेवलेल्या भगिनींनी आधी तो काढून त्याची मुदत पाहावी, आणि महिनाभर रोज सकाळी रस्ते मोकळे असताना हात बसवावा. शेजारच्या आसनावर पतिराजांनी बसू नये. ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाला पैसे द्यावेत, ते स्वस्त पडते.