दुरुस्तीचा थांबा

माहुलीचा संगम किंवा सांगलीचा घाट पाहिलेल्या वाचकांस होडी नवी नाहीं. होडींत पाणी शिरूं लागलें तर कांठावरचा कोणीही धांवून येतो, आणि मदत घेतली म्हणून नावाड्यास कोणी हरला असें म्हणत नाहीं. सागरावरील शर्यतींचा न्याय मात्र निराळा आहे.

१९६८ सालीं लंडनच्या ‘संडे टाइम्स’ पत्रानें, एकट्या खलाशानें कोठेंही न थांबतां व कोणाचें साहाय्य न घेतां पृथ्वीप्रदक्षिणा करावी, अशी शर्यत लाविली. नऊ जण निघाले. त्यांपैकीं रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईंतच, कुलाब्यास, सुतारांनीं हातांच्या हत्यारांनीं बांधलेली होती. अटलांटिकांतच तिच्या तळाजवळचे सांधे गळूं लागले. तेव्हां या गृहस्थांनीं भर समुद्रांत बुडी मारून सांध्यांत कापूस ठोकला, वर किंतानाची पट्टी व तांब्याचा पत्रा मारला. मध्यंतरीं एक शार्क घिरट्या घालूं लागला, त्यास बंदुकीनें मारावें लागलें. पुढें पिण्याचें पाणी नासलें, बिनतारी यंत्र मुकें झालें, आपोआप सुकाणूं संभाळणारें यंत्रही मोडलें. न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ एक वार्ताहर भेटला. पण घरचीं पत्रेंसुद्धां नियमानें देतां येत नाहींत, हेंच त्यानें सांगितलें. पत्र हेंही साहाय्यच! (हा अतिरेक होय. आईच्या पत्रानें नौकेची भेग बुजल्याचें ऐकिवांत नाहीं.) ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, ते परत आले. शेवटास पोंचलेले ते एकटेच.

याच शर्यतींत डोनाल्ड क्रोहर्स्ट होते. यांचा जन्म आपल्याकडे गाझियाबादचा. नौका घाईनें बांधलेली, आणि मोहीम अर्ध्यावर सोडल्यास ती स्वतःच विकत घ्यावी असा करार. राहतें घरही त्यांत अडकलेलें. पुढें जाण्याचा धीर होईना आणि परतण्याची सोय नव्हती. ते दक्षिण अटलांटिकांतच घोटाळत राहिले व बिनतारीवरून खोटी वाटचाल कळवूं लागले. नौकेचा एक भाग फुटला, तेव्हां मार्च १९६९ मध्यें ते आर्जेंटिनाच्या किनाऱ्यास गुपचूप लागले आणि तेथील लोकांच्या साह्यानें दुरुस्ती करून पुन्हां निघाले. त्या लोकांनीं माणुसकीनेंच हात दिला. पण ती मदत उघड करण्याची सोय राहिली नव्हती. १० जुलै रोजीं नौका समुद्रांत रिकामी सांपडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं आपलें ५,००० पौंडांचें पारितोषिक क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास दिलें.

मला या दोन गोष्टींत शौर्यापेक्षां नियमाचा प्रश्न मोठा वाटतो. दुरुस्तीसाठीं थांबणें हा गुन्हा नव्हे. पण उघडपणें थांबण्यास जागाच ठेवली नाहीं, म्हणजे मनुष्य लपून थांबतो. नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक माळ्यावर लपवितो तें वडिलांच्या रागाला भिऊनच. घरांतील मोठ्यांनीं हें अनेकदां पाहिलें असेल.

पन्नास वर्षांनीं, २०१८ सालीं, ही शर्यत ‘गोल्डन ग्लोब’ या जुन्याच नांवानें पुन्हां सुरू झाली, तेव्हां चालकांनीं एक शहाणपण दाखविलें. एकदां थांबणारास हांकलून न देतां ‘चिचेस्टर’ नांवाच्या निराळ्या वर्गांत ठेवावयाचें. सर फ्रान्सिस चिचेस्टर यांनीं १९६६-६७ सालीं सिडनीस एकच थांबा घेऊन प्रदक्षिणा केली होती, त्यांवरून हें नांव. त्या वेळीं आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यांत बांधलेल्या ‘थुरिया’ नौकेंतून निघाले होते. दक्षिण हिंदी महासागरांत डोलकाठ्या मोडल्या, पाठीस जबर दुखापत झाली. त्यांना सोडविण्यास आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन हे प्रतिस्पर्धी आपली स्वतःची मोडकी नौका घेऊन निघाले होते. अखेर एका फ्रेंच जहाजानें टॉमींस उचललें.

२०२२ च्या शर्यतींत टॉमी पुन्हां उतरले. या खेपेस सुकाणूंचें यंत्र बिघडलें, तेव्हां त्यांनीं नौकेंतील शौचकूपाचें दार कामीं लावलें आणि दुसरा क्रमांक मिळविला. याच शर्यतींत सर्वांच्या पुढें असलेले सायमन कर्वेन यांचेंही तसलेंच यंत्र मोडलें. ते चिलीच्या किनाऱ्यास वळले, उघडपणें दुरुस्ती करून घेतली व चिचेस्टर वर्गांतून पुढें निघाले. २७ एप्रिल २०२३ रोजीं फ्रान्समधील शेवटच्या रेषेवर पहिली नौका आली ती त्यांचीच. विजयाचा मान त्याच रात्रीं पोंचलेल्या कर्स्टन नॉयशेफर या बाईंस मिळाला. त्या वाटेंत कोठेंच थांबल्या नव्हत्या.