चेक फाडण्याआधी शाळा बघून या



बेळगावकडच्या मराठी शाळांचे जुने फोटो आले की ग्रुपवर आठवणी सुरू होतात. हल्ली पाठोपाठ इमारत निधीचं आवाहनही येतं. देणगी जरूर द्या. पण बँकेत उभी हयात कर्जाची प्रकरणं तपासलेला माणूस म्हणून सांगतो, आधी एस्टिमेट मागा. कमान, ग्रॅनाइट आणि देणगीदारांच्या नावांची फरशी यावर किती, वर्गखोल्यांवर किती, ते बघा.

आपल्या कौलारू शाळा साध्याच होत्या, पण इथल्या हवेला धरून बांधलेल्या. उंच छप्पर, मंगळुरी कौलं, मध्ये उजेडासाठी दोन-चार काचेची. गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची. पुढे रुंद व्हरांडा, त्यामुळे पाऊस कितीही झोडपला तरी खिडक्या उघड्या राहायच्या. डबे तिथंच, खेळ तिथंच. खिडक्या डाव्या हाताला असल्या की उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडत नाही, एवढा साधा हिशेब.

पुढे कौलं फुटली आणि बऱ्याच ठिकाणी पत्रे आले. ते एप्रिलमध्ये तापतात. आषाढात पाऊस वाजायला लागला की बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. मग त्या पोराला आपण म्हणतो, ‘याचं लक्षच नसतं.’

दुसरी गोष्ट, संडास. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. केरळनं 2019 मध्ये शाळांत पाणी पिण्याची घंटा सुरू केली. कल्पना उत्तम, पण संडास धड नसेल तर घंटा वाजून मुलगी पाणी पिणार आहे का? मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान आणि अपंग मुलांनाही आत येता येईल अशी वाट, हे सगळं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आपण मेहेरबानी करत नाही.

काही गोष्टींना तर पैसाही फार लागत नाही. वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी यांच्या ‘बाला’ या कल्पनेत शाळेची इमारतच शिकवायचं साधन होते. दार उघडतं तिथं फरशीवर कोन रंगवले की मुलं दार ढकलत 30, 60, 90 अंश शिकतात. खर्च एका रंगाच्या डब्याचा.

शाळेची पाटी मराठीत राहावी म्हणून या भागानं पुष्कळ सोसलंय. पण पाटीखालच्या खोलीत पोर घामाघूम होत असेल, तर आईबाप त्याला दुसरीकडे घालणारच. त्यांना नावं ठेवून पट वाढत नाही.

माझा क्रम असा: आधी छप्पर, मग संडास-पाणी, मग खिडक्या आणि रॅम्प. उरले तर कमान.

गावी जाल तेव्हा मधल्या सुट्टीत शाळेत डोकावून या, आणि काय दिसलं ते इथं लिहा.