कॅमेरा म्हणजे खोली!

मैत्रिणींनो, वर्तमानपत्रात ‘इन कॅमेरा’ हे शब्द वरचेवर वाचायला मिळतात. ‘मृतदेहाचे इन कॅमेरा शवविच्छेदन’ असं छापून येतं, तेव्हा त्याचं चित्रीकरण केलं असं बातमीदाराला सांगायचं असतं. आणि शेजारच्याच रकान्यात ‘खटल्याची सुनावणी इन कॅमेरा’ असं असतं. इथे अर्थ अगदी उलटा! ही सुनावणी बंद दाराआड, परक्या माणसांना मज्जाव करून. आता वाचणारीनं समजायचं तरी काय?

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई मध्यंतरी विचारत होती, “बाई, माझ्या बहिणीची घटस्फोटाची केस आहे. वकील म्हणाले, इन कॅमेरा चालेल. म्हणजे तिचं बोलणं टीव्हीवर दाखवणार का हो? ती तर कोर्टात जायलाच नको म्हणतेय.” सासरी काय सोसलं ते चार भिंतींत सांगण्याची जी सोय कायद्यानं करून ठेवली, तिच्या नावाचीच त्या बिचारीला धास्ती! मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

कॅमेरा हा शब्द मुळात यंत्राचा नाहीच. ग्रीक भाषेत ‘कामारा’ म्हणजे कमानीसारखं छत असलेली जागा. लॅटिनमध्ये त्याचं ‘कॅमेरा’ झालं, आणि कमानीचं छत म्हणता म्हणता अर्थ झाला खोली. इटलीत आजही खोलीला कॅमेराच म्हणतात. तिथल्या लॉजमध्ये कॅमेरा मागितलात, तर हातात खोलीची किल्ली येईल! रशियात याच शब्दाचा एक अर्थ तुरुंगाची कोठडी. फ्रेंचांनी त्याचं ‘शांब्र’ केलं, इंग्रजांनी ‘चेंबर’. वकिलांचं चेंबर आणि आपल्या मोरीबाहेरचं पावसाळ्यात हमखास तुंबणारं चेंबर, दोन्ही त्याच घराण्यातली. एका खोलीत राहणारे सोबती ते ‘कामाराद’, असं स्पॅनिश लोक म्हणत. त्यावरून आला कॉम्रेड. पोर्तुगीजांच्या ‘कामारा’चा हिंदीत ‘कमरा’ झाला. गोव्यात त्यांचं राज्य होतं तेव्हा नगरपालिकेलाही ‘कामारा’च म्हणत.

मग फोटोच्या यंत्राला खोलीचं नाव का? भर दुपारी खोलीची दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या आणि खिडकीला एकच बारीक भोक राहू द्या. समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उमटतो, पण उलटा. माणसं डोकं खाली, पाय वर करून चालताना दिसतात. मुलांना एकदा दाखवाच, सुट्टीतली एक दुपार छान जाते. अशा अंधाऱ्या खोलीला केप्लर या ज्योतिषशास्त्रज्ञानं १६०४ साली ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे शब्दशः अंधारी खोली, असं नाव दिलं. पुढे खोलीची पेटी झाली, चित्रकार ती वापरू लागले. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची, पेटीतलं चित्र पत्र्यावर टिकवण्याची रीत जाहीर झाली. ‘अंधारी’ हे विशेषण गळून गेलं, नुसती ‘खोली’ उरली, आणि तीच आज आपल्या मोबाईलमध्ये येऊन बसली आहे.

कायद्यानं मात्र जुनाच अर्थ धरून ठेवला. न्यायमूर्तींनी भर कोर्टात न ऐकता आपल्या खोलीत ऐकलेलं काम, ते ‘इन कॅमेरा’. हिंदू विवाह कायद्याखालची प्रकरणं १९७६ च्या दुरुस्तीपासून बंद दाराआडच चालवायची आहेत (कलम २२). त्यातला मजकूर परस्पर छापला तर हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हजार रुपये म्हणजे आजच्या काळात काहीच नाही, हा भाग वेगळा. कुटुंब न्यायालयात दोघांपैकी एकानं जरी मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. हा कायदा १९८४ चा, आणि तो धर्म पाहत नाही. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातही तशी मागणी करता येते, मात्र तिथे निर्णय मॅजिस्ट्रेटचा. तेव्हा वकिलांना पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

बलात्काराच्या खटल्यांना ही सोय १९८३ साली मिळाली, आणि ती सुखासुखी मिळाली नाही. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, गावोगावच्या बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे कायदा बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम ३६६ मध्ये ही तरतूद कायम आहे. सुनावणी शक्यतो महिला न्यायाधीशांपुढे व्हावी, असंही त्यात म्हटलं आहे.

आणि बंद दाराआड म्हणजे एकटीनंच बसायचं, असं नाही बरं का. अशा खटल्यात अर्ज केला तर एखाद्या व्यक्तीला न्यायाधीश आत थांबू देऊ शकतात. लहान मुलांच्या बाबतीत तर २०१२ चा पोक्सो कायदाच सांगतो की सुनावणी बंद दाराआड व्हावी, पण आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस तिथे हजर असावं.