एका झोकांड्या खाणाऱ्या चाच्याची गोष्ट

नातवाने सुट्टीत 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' पुन्हा लावला आणि मला शेजारी बसवले. २००३ सालचा, मालिकेतला पहिला. हा सिनेमा एवढा का चालला, यावर आमचा वाद झाला. तो म्हणाला, "आजोबा, ते चांदण्यात सांगाडे होतात ना, त्यामुळे." मला हे पटत नाही. सांगाडे पाच मिनिटांत जुने होतात.

खरे तर हा सिनेमा आपटायचाच होता. चाच्यांचे सिनेमे संपले, हे हॉलिवूडमध्ये ठरून गेले होते. पोलान्स्कीचा 'पायरेट्स' १९८६ साली पडला. १९९५ च्या 'कटथ्रोट आयलंड'वर दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि अमेरिकेत त्यातले जेमतेम एक कोटी परत आले. त्यात या सिनेमाचे मूळ काय, तर डिस्नेलँडमधली १९६७ सालची एक नावेची सफर! म्हणजे जत्रेतल्या पाळण्यावर सिनेमा काढण्यासारखेच. तरी १४ कोटी डॉलर घालून काढलेल्या या सिनेमाने जगभरात ६५ कोटींवर गल्ला केला.

माझ्या मते याचे उत्तर पहिल्याच प्रवेशात आहे. कॅप्टन जॅक स्पॅरो डोलकाठीवर मोठ्या दिमाखात उभा. वाटते, केवढे गलबत असेल! आणि खाली असते एक गळकी होडी. ती धक्क्याला लागता लागता पुरती बुडते, आणि हा महाराज काही घडलेच नाही अशा थाटात धक्क्यावर पाऊल टाकतो. कपाळी बुडती होडी, पण ऐट आरमाराच्या सरखेलाची. जुन्या सिनेमांतला एरॉल फ्लिन सद्गृहस्थ होता, नाइलाजाने चाचा झालेला. हा मात्र लोहाराच्या दुकानातल्या तलवारबाजीत सरळ लबाडी करतो आणि तरीही आपल्याला हवाहवासा वाटतो.

(जाता जाता, तिसऱ्या भागात 'संभाजी आंग्रे' नावाचा चाच्यांचा सरदार आहे. कान्होजींच्या मुलाचे नाव असे वापरलेले बघून मी खुर्चीतच सरसावून बसलो. इंग्रजांनी चाचा म्हटले ते म्हटलेच! असो.)

जॉनी डेपने हे सोंग आपल्या मनाने उभे केले. त्या हलत्याडुलत्या चालीमागे त्याच्या डोळ्यांसमोर कीथ रिचर्ड्स हा गिटारवादक होता. सोन्याचे दात, वेणी घातलेली दाढी बघून स्टुडिओतली मोठी माणसे धास्तावली. आपल्याला काढून टाकतील असेच वाटत होते, असे त्याने पुढे सांगितले आहे. काढले नाही, आणि त्याच भूमिकेला ऑस्करचे नामांकन मिळाले.

त्या धास्तावलेल्या माणसांना हसायचा मला अधिकार नाही. एका वर्षी स्नेहसंमेलनात मी ऐतिहासिक नाटक बसवले होते. पहारेकऱ्याचे काम करणारा मुलगा तालमीत जांभया देत, भाल्याला टेकून डुलक्या काढत उभा राहायचा. बाकीची मुले पोट धरून हसायची. "हे गंभीर नाटक आहे," म्हणून मी त्याला काढले आणि ताठ उभा राहणारा एक शहाणा मुलगा घेतला. प्रयोगात तो प्रवेश कधी सुरू झाला आणि कधी संपला, कोणाला कळलेही नाही. पहिला मुलगा तेव्हा विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होता, अगदी ताठ.